घरची सरकी, कंपनीचे पेटंट आणि पुन्हा पेरण्याचा हक्क

यवतमाळ जिल्ह्यातील एका तरुण शेतकऱ्याचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि गाव वगळून त्यातील मुख्य भाग येथे देत आहे.

"आमची नऊ एकर कोरडवाहू शेती आहे. सहा एकरांत पऱ्हाटी आणि तीन एकरांत सोयाबीन असते. दरवर्षी बीटी कपाशीच्या बारा बॅगा विकत घ्याव्या लागतात. यंदा वडिलांनी पहिल्या वेच्यातली चांगली बोंडे निवडून त्यांची सरकी वेगळी काढून ठेवली आहे, आणि पुढच्या हंगामात दोन एकरांवर ती टोबायची असे त्यांच्या मनात आहे. हे कळल्यावर आमच्या कृषी केंद्राच्या मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितले की बियाण्यावर कंपनीचे पेटंट असते, अमेरिकेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला याच कारणावरून सुप्रीम कोर्टापर्यंत नेऊन मोठी रक्कम भरायला लावली आणि इकडेही तसे होऊ शकते. वडील म्हणतात, आपल्या वावरातले बी पेरायला परवानगी कोणाची? सोयाबीनचे फुले संगम आम्ही घरचेच पेरतो, शेजाऱ्यांनाही पाच-सहा पोती देतो. तेही बेकायदा आहे का? शिवाय तणनाशक मारले तरी जळत नाही, अशी कपाशी म्हणून एक जण गावात बिनापावतीची पाकिटे विकतो. तेही शेवटी कंपनीचेच बी. मग ते चालते आणि आमची सरकी चालत नाही, हे कसे?"

सप्रेम नमस्कार.

आपण ज्या गोष्टीची धास्ती घेतली आहे तिचे उत्तर आधी देतो. आपल्याच वावरातली बीटी, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या कपाशीची, सरकी आपल्याच वावरात पेरली म्हणून वडिलांना पेटंटच्या कायद्याखाली कोर्टात उभे राहावे लागेल, अशी आज आपल्या देशातील स्थिती नाही. तरीही ती सरकी दोन एकरांवर पेरा, असा सल्ला मी देणार नाही. त्याचे कारण कायद्याच्या पुस्तकात शोधू नका, ते त्या सरकीतच आहे. ज्या बिनापावतीच्या पाकिटांबद्दल आपण पत्राच्या शेवटी सहज विचारले आहे, तिथे मात्र कायद्याची खरी भीती बाळगायला हवी. आपल्या गावात भीती नेमकी उलट्या बाजूला लागली आहे, असे मला पत्र वाचताना वाटले.

कृषी केंद्राच्या मालकांनी सांगितलेली अमेरिकेची गोष्ट खरी आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. इंडियाना राज्यातील व्हर्नन बोमन हे सोयाबीन पिकवणारे शेतकरी. मुख्य हंगामासाठी ते मोन्सँटो या अमेरिकन कंपनीच्या तंत्रज्ञानाचे, म्हणजे ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले तरी न मरणारे, बियाणे कंपनीच्या करारावर सही करून विकत घेत आणि त्या कराराप्रमाणे त्याचे बी मागे ठेवत नसत. गव्हानंतर उशिरा घेतल्या जाणाऱ्या दुसऱ्या पिकाला जोखीम जास्त, म्हणून त्यासाठी महागडे बियाणे घेण्याऐवजी त्यांनी १९९९ पासून धान्याच्या गोदामातून खाण्यासाठी आणि पशुखाद्यासाठी विकले जाणारे स्वस्त सोयाबीन आणले आणि तेच पेरले. परिसरातील बहुतेक शेतकरी कंपनीचेच बियाणे वापरत असल्यामुळे त्या धान्यातही तोच गुण होता. बोमन यांनी उभ्या पिकावर ग्लायफोसेट फवारले, जे तगले त्याचे बी राखले आणि असे आठ हंगाम केले. यात त्यांनी काही लपवले नव्हते. एकदा विकत घेतलेल्या वस्तूवरचा पेटंटधारकाचा हक्क विक्रीबरोबर संपतो, असे त्यांचे म्हणणे होते. १३ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सर्व नऊ न्यायाधीशांच्या एकमताने ते फेटाळले. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की, विकत घेतलेले दाणे खाता येतील, जनावरांना घालता येतील, पुढे विकताही येतील, परंतु ते पेरून त्यांच्या नव्या प्रती तयार करण्याचा अधिकार त्या खरेदीत मिळत नाही. सोयाबीन आपणहून उगवते, त्यात माझा काय दोष, हा बचावही न्यायालयाने मानला नाही. बोमन यांच्यावर ८४,४५६ डॉलरच्या भरपाईचा हुकूम कायम झाला.

कॅनडात याहून आधी, २००४ मध्ये, पर्सी श्मायझर या शेतकऱ्याच्या कॅनोला या तेलबियाच्या पिकावरील खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी कंपनीचा विजय झाला. गंमत अशी की, त्याच न्यायालयाने दोनच वर्षांपूर्वी वरच्या दर्जाच्या सजीवावर पेटंट मिळणार नाही असे म्हटले होते. आता त्याने असे म्हटले की वनस्पतीवर पेटंट नसले तरी तिच्या पेशीतील जनुकावर आहे, आणि ती वनस्पती वाढवणे म्हणजे त्या जनुकाचा वापर करणेच होय. श्मायझर यांना पैसे मात्र भरावे लागले नाहीत, कारण त्या गुणामुळे त्यांना जास्तीचा नफा झाला, असे न्यायालयाला दिसले नाही. जनुक आणि बी यांच्यातली ही पुसट रेषा लक्षात ठेवा, आपल्याकडचा वाद तिच्यावरच अडकला आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक कराराने सदस्य देशांना दोन वाटा दिल्या होत्या. वनस्पतींच्या वाणांना पेटंट द्या, नाहीतर त्यांच्या संरक्षणासाठी आपला स्वतंत्र आणि परिणामकारक कायदा करा. अमेरिकेत बियाण्यावर सरळ पेटंट मिळते. भारताने दुसरी वाट घेतली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने जोडलेल्या कलम ३ च्या 'जे' या खंडानुसार वनस्पती आणि प्राणी, त्यांचा कोणताही भाग, बियाणे, वाण आणि त्यांच्या उत्पादनाच्या मुख्यतः जैविक प्रक्रिया यांना 'शोध' मानले जात नाही. सूक्ष्मजीव तेवढे त्याला अपवाद आहेत. जे शोध नाही त्यावर पेटंट नाही. म्हणून कपाशीच्या बॅगेतील बियाण्यावर, बियाणे म्हणून, भारतात पेटंट असू शकत नाही. 'बियाण्यावर पेटंट असते' हे वाक्य इंडियानात खरे आहे, यवतमाळात नाही.

तर मग पेटंट कशावर होते? आपल्याकडे बीटी कपाशीला पहिली परवानगी मार्च २००२ मध्ये मिळाली. ती जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या तीन संकरित वाणांना होती, आणि त्यातील पहिल्या पिढीच्या बोलगार्ड तंत्रज्ञानावर भारतात पेटंट नव्हतेच. २००६ मध्ये आलेल्या बोलगार्ड-२ चे पेटंट मोन्सँटोला २००८ मध्ये मिळाले. ते बियाण्यावर नव्हते, बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकीय रचनेवर आणि ती वनस्पतीत घालण्याच्या पद्धतीवर होते. मोन्सँटो आणि महिको यांची भागीदार कंपनी हे तंत्रज्ञान इतर बियाणे कंपन्यांना परवान्याने देई आणि प्रत्येक पाकिटामागे गुणशुल्क, म्हणजे त्या गुणाच्या वापराचा मोबदला, घेई. पुढे सरकारने किमतीला आणि शुल्कालाही मर्यादा घातल्यावर हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सशी वाद पेटला, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि तिथे प्रतिवादीने पेटंटच्या वैधतेवरच बोट ठेवले.

११ एप्रिल २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कलम ३ 'जे' आड येते म्हणून ते पेटंट रद्द ठरवले. एकदा ते जनुक बियाण्यात गेले की ते बियाण्याचाच भाग झाले आणि त्याचे संरक्षण हवे असल्यास वाण संरक्षणाच्या कायद्याकडे जावे, असा त्या निकालाचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ रोजी हा निकाल बाजूला सारला. इतका गुंतागुंतीचा तांत्रिक प्रश्न साक्षीपुराव्याशिवाय सोडवता येणार नाही, असे सांगून प्रकरण सुनावणीसाठी परत एकल न्यायाधीशांकडे पाठवले. ती सुनावणी शेवटापर्यंत गेलीच नाही. पेटंटची वीस वर्षांची मुदत २०१९ च्या अखेरीस संपली, मोन्सँटो तोवर बायर या जर्मन कंपनीत विलीन झाली होती आणि २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. म्हणजे पेशीतील जनुकावरचे पेटंट पेरलेल्या बियाण्यापर्यंत पोहोचते का, या प्रश्नाला भारतीय न्यायालयाचे अंतिम उत्तर मिळालेले नाही. उद्या नवे जनुक, नवे पेटंट आले तर तो प्रश्न पुन्हा उभा राहील. परंतु आपल्या वडिलांच्या पोत्यातली सरकी बोलगार्ड-२ ची आहे, तिच्या मुळाशी असलेले पेटंट संपलेले आहे आणि सरकारने ठरवलेल्या किमतीत २०२० पासून गुणशुल्काचा वाटा शून्य आहे. त्या संपूर्ण खटल्यात प्रतिवादी म्हणून एकही शेतकरी नव्हता, ही गोष्टही कृषी केंद्राच्या मालकांना सांगायला हरकत नाही. हे भांडण कंपन्यांचे आपसातले होते.

आता आपल्या बाजूच्या कायद्याकडे येऊ. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम २००१ मध्ये झाला. त्याच्या नावातच शेतकरी आहे आणि ते केवळ शोभेसाठी नाही. त्याच्या कलम ३९ च्या पहिल्या पोटकलमातील चौथ्या खंडाप्रमाणे, संरक्षित वाणाचे बियाणेसुद्धा शेतकऱ्याला आपल्या शेतमालासह जतन करता येते, वापरता येते, पेरता येते, पुन्हा पेरता येते, देता-घेता येते, वाटता येते आणि विकताही येते. कायदा येण्यापूर्वी त्याला हे ज्या प्रकारे करता येत होते, त्याच प्रकारे ते पुढेही करता यावे अशी त्यातील भाषा आहे. अट एकच. संरक्षित वाणाचे 'ब्रँडेड' बियाणे त्याने विकू नये. ब्रँडेड म्हणजे थैलीत किंवा डब्यात भरून, हे अमुक संरक्षित वाणाचे बियाणे आहे असे दर्शवणारे लेबल लावलेले. अशा वाणाच्या हक्काची माहितीच नसलेल्या शेतकऱ्याकडून झालेला भंग हा भंग मानू नये, असे कलम ४२ सांगते. पुढच्या पिढीचे बी उगवूच नये अशी सोय केलेल्या, ज्याला लोक 'टर्मिनेटर' म्हणतात त्या तंत्राच्या वाणाची नोंदणीही या कायद्याखाली होत नाही.

इथे एक बारकावा सांगतो, कारण काही उत्साही मंडळी कलम ३९ ला सर्व रोगांवरचे औषध समजतात. ते कलम 'या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी' अशा शब्दांनी सुरू होते. म्हणजे त्याच कायद्यातील इतर तरतुदींवर ते वरचढ आहे. पेटंट कायद्यावर किंवा पर्यावरण कायद्यावर ते आपोआप वरचढ होते, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. पेटंटच्या बाबतीत आपले संरक्षण प्रामुख्याने कलम ३ 'जे' करते आणि वाणाच्या बाबतीत कलम ३९ करते. दोन्ही मिळून आपली बाजू आज भक्कम आहे, पण त्या दोन वेगवेगळ्या भिंती आहेत हे विसरू नये.

कायदा बाजूने असला तरी दावा होऊ शकतो, हेही २०१९ च्या एप्रिलमध्ये गुजरातेत दिसले. चिप्ससाठी नोंदवलेला बटाट्याचा वाण परवानगीशिवाय लावला म्हणून पेप्सिकोने साबरकांठ्यातील चार शेतकऱ्यांवर अहमदाबादच्या न्यायालयात प्रत्येकी १ कोटी ५ लाख रुपयांचे दावे टाकले. न्यायालयाने सुरुवातीला तात्पुरती मनाईही दिली. देशभर ओरड झाली आणि महिनाभरातच कंपनीने दावे मागे घेतले. पुढे त्या वाणाची नोंदणी याच कायद्याखालील वाण संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये रद्द केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती रद्द करण्याचा आदेश बाजूला ठेवला. या नोंदणीच्या चढउतारांनी शेतकऱ्याचा कलम ३९ मधील हक्क तसूभरही कमी झालेला नाही. पण ज्यांच्या दारात नोटीस आली त्यांची ती काही आठवड्यांची झोप कोणत्या कलमाने भरून निघणार? म्हणून कंपनीचा माणूस म्हणून कोणी वावरात आला, पाने किंवा बोंडे मागू लागला, तर ओळखपत्र आणि लेखी आदेश पाहिल्याशिवाय नमुना देऊ नका आणि कोऱ्या कागदावर तर सहीच करू नका.

हे सगळे वाचून वडील म्हणतील, बघ, मी सांगत नव्हतो! त्यांना थोडे थांबवून पुढचे ऐकवा.

ती सरकी संकरित वाणाची, म्हणजे दोन वेगळ्या पालक वाणांच्या संकरातून केलेल्या कपाशीची आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात बीटी कपाशी सरळ वाणांत आहे. तिथे बी राखून पेरले तर ते जवळजवळ तसेच येते, म्हणूनच तिथे कंपन्यांना पेटंट आणि करारांची कुंपणे घालावी लागतात. आपल्याकडे कुंपण झाडाच्याच आत आहे. यात सगळा दोष बीटी कंपन्यांचा आहे असेही नाही. सुरतच्या केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कपाशीचा पहिला व्यापारी संकरित वाण १९७० मध्ये दिला. म्हणजे बीटी येण्याच्या तीन दशके आधीच दरवर्षी नवे बियाणे घेण्याची सवय आपल्याला लागली होती. बीटी जनुक या संकरित वाणांत बसवले गेले आणि त्या सवयीतून बाहेर पडण्याचे दारच बंद झाले.

संकरित झाडाच्या सरकीतून उगवणारी पिढी एकसारखी नसते. काही झाडे एका पालकावर जातात, काही दुसऱ्यावर, काही मधेच कुठेतरी. कोणी उंच, कोणी बुटके, कोणाची बोंडे लवकर फुटतात, कोणाची दिवाळीनंतरही मिटलेली. वेचणीची मजुरी त्यामुळे वाढते आणि धाग्याची प्रत घसरल्यामुळे भाव मार खातो. बीटीच्या बाबतीत हिशेब आणखी वेगळा आहे. बोलगार्ड-२ मध्ये दोन जनुके असतात. ती दोन्ही एकाच पालकाकडून आलेली असतील आणि स्वतंत्रपणे वाटली जात असतील, तर पुढच्या पिढीतील दर सोळा झाडांपैकी सरासरी नऊ झाडांत दोन्ही जनुके येतात, सहा झाडांत कोणतेतरी एकच येते आणि एक झाड पूर्ण कोरे राहते. बाहेरून पाहून यातले कोणते झाड कसले हे वडिलांनाच काय, कृषी विद्यापीठाच्या प्राध्यापकांनाही सांगता येणार नाही. अर्धवट विष असलेल्या अशा झाडांवर अळी मरत नाही, विषाला सरावते. गुलाबी बोंडअळी दोन्ही विषांना सरावली आहे, आणि २०१७ चा हंगाम आपल्या जिल्ह्याने कसा काढला हे आपल्याला मी सांगायला नको.

बॅगांचा खर्च वाचवायचा हा वडिलांचा विचार मला पूर्ण समजतो. २०२५ च्या हंगामासाठी केंद्राने बोलगार्ड-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवली होती. बारा पाकिटांचे १०,८१२ रुपये होतात. दोन एकरांपुरता विचार केला तर चार पाकिटांचे साडेतीन हजारांच्या आसपास वाचतील. एकरी एक क्विंटल कापूस कमी आला तरी ही बचत कुठल्या कुठे जाईल. तरीही वडिलांची इच्छा मोडवत नसेल, तर धुऱ्यालगतच्या दोन ओळींत ती सरकी टोबा आणि उरलेल्या वावरात नेहमीचे बियाणे ठेवा. त्यांच्या डोळ्यांसमोर दोन्ही पिके उभी राहिली की माझ्या सोळा झाडांच्या हिशेबापेक्षा ते लवकर पटेल.

मात्र बी घरात ठेवण्याची त्यांची ओढ मारू नका, तिला योग्य पीक द्या. देशी कपाशीचे सरळ वाण आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेए ७ आणि एकेए ८ हे त्यांतले. त्यांची सरकी शेण-मातीत चोळून पुढच्या वर्षी पेरली तर तसेच पीक येते. शेजारच्या बीटी पऱ्हाटीचे परागकण येऊन आपले देशी बी बिघडेल, ही भीतीही फारशी खरी नाही. देशी कपाशीत २६ गुणसूत्रे असतात, अमेरिकन कपाशीत ५२ असतात आणि त्यांचा संकर शेतात सहजासहजी होत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी गुण असलेले सरळ वाणही काढले आहेत. अशा वाणाची कल्पना नवी नाही. २००९ च्या खरिपात 'बिकानेरी नरमा बीटी' हा सरकारी सरळ वाण आला होता, पण त्यात मोन्सँटोच्याच जनुकाचा अंश सापडला आणि त्याची विक्री थांबवावी लागली. ते बियाणे तेव्हा नीट निघाले असते, तर कदाचित आपल्याला हे पत्र लिहावेच लागले नसते. सरळ वाणाचे उत्पादन चांगल्या ओलिताखालच्या हायब्रिडइतके येईल असे मी म्हणणार नाही. हलक्या, कोरडवाहू जमिनीत खर्च वजा जाता काय उरते, ते एकरभर करून पाहावे.

सोयाबीनचे उत्तर सोपे आहे. भारतात जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, आपले फुले संगम हे साधे, स्वपरागित, सरळ वाणाचे पीक आहे आणि त्याचे बी राखणे हे कृषी विभागच दरवर्षी सांगतो. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि सत्तरच्या वर उगवले तरच नेहमीच्या प्रमाणात पेरा. शेजाऱ्यांना पाच-सहा पोती देण्याबाबत १९६६ च्या बियाणे कायद्याचे कलम २४ आपल्या बाजूने आहे. स्वतः पिकवलेले बियाणे आपल्याच जागेवरून थेट दुसऱ्याला पेरणीसाठी विकले किंवा दिले, तर तो कायदा त्याला लागू होत नाही. वाणाचे नाव छापलेल्या थैल्या करू नका, 'प्रमाणित' हा शब्द वापरू नका आणि बाजारात दुकान लावू नका. तिथे परवान्याचा प्रश्न येतो. आपल्या अंगणातून पोते उचलून नेणाऱ्या शेजाऱ्याला कोणताही कायदा अडवत नाही.

आता ती बिनापावतीची पाकिटे. आपण म्हणता तेही कंपनीचेच बी. गुण कंपनीचा, बी मात्र नाही. तणनाशक सहन करणाऱ्या बीटी कपाशीच्या मंजुरीसाठीचा अर्ज महिकोने २०१६ मध्ये मागे घेतला, आणि जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची परवानगी त्या कपाशीला मिळालेली नाही. तरीही ती 'चोर बीटी' म्हणून विदर्भभर फिरते, हे उघड गुपित आहे. कोणी केली, कोणत्या वाणात केली, उगवण किती, बोंडअळीला प्रतिकार आहे की नाही, याचा कोणालाही जाब विचारता येत नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने जाहीर सत्याग्रह करून ही कपाशी लावली आणि काहींवर गुन्हे नोंदवले गेले. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, या त्यांच्या मागणीत मला तथ्य वाटते, कारण निंदणाला मजूर मिळत नाही हे वास्तव कोणी नाकारू शकत नाही. पण सत्याग्रही परिणाम पत्करून, उघडपणे बी पेरतो. रात्री पाकीट घेणाऱ्याला त्यातला फायदा मिळत नाही, धोका मात्र पूर्ण वाट्याला येतो.

परवानगी नसलेले जीएम बियाणे पेरणे हा १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचा आणि त्याखालील १९८९ च्या नियमांचा भंग आहे. त्यासाठी पूर्वी पाच वर्षांपर्यंतची कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिच्या जागी आर्थिक शास्ती आणली, आणि ती पंधरा लाखांपर्यंत जाऊ शकते. इथे कलम ३९ चा उपयोग नाही. पावती नाही, म्हणून उगवण झाली नाही तर भरपाई नाही. आणि ग्लायफोसेट फवारताना वारा फिरला, तर आपल्याच बांधावरची तूर आणि शेजाऱ्याची साधी पऱ्हाटी जळते. गावातली भांडणे कोर्टापेक्षा जास्त वर्षे चालतात, हे मी वेगळे सांगत नाही.

उलट, पक्क्या पावतीच्या बॅगेमागे आपला एक हक्क उभा असतो. संरक्षित वाणाचे बियाणे विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे पीक आले नाही, तर त्याच कलम ३९ खाली प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. वाण संरक्षित नसला तरी ग्राहक आयोगाकडे जाता येते. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यासाठी पावती, थैलीवरचा टॅग, लॉट क्रमांक आणि थैलीच्या तळाशी मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवणीत फरक दिसला तर वाट न पाहता तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, कारण पंचनामा पीक उभे असतानाच व्हायला हवा.

कृषी केंद्राच्या मालकांवर रागावू नका. त्यांनी अर्धी ऐकलेली गोष्ट सांगितली, आणि बॅगा विकणे हा त्यांचा धंदाच आहे. पुढच्या वेळी त्यांच्याकडे जाल तेव्हा पेटंटचा विषय काढू नका, देशी कपाशीचे बियाणे मागवून देता का एवढे विचारा. त्यांच्याकडे नसेल तर अकोल्याला विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात मेच्या आधीच चौकशी करा. जूनच्या तोंडावर गेलात तर ते मिळणे कठीण असते.